काच पुसू नका, पाणी ओढा

पाटसला पुणे-सोलापूर हायवेलगतच्या दुकानांच्या काचा धुळीनं भरतात. गटानं हे काम घ्यायचं, तर काच डागाशिवाय निघाली पाहिजे. बोअरचं क्षाराचं पाणी काचेवर वाळलं की पांढरे डाग उठतात. म्हणून आपण उन्हाच्या आधी काम उरकू.

आधी साबणपाण्यानं धूळ भिजवायची. कोरडी घासली तर चरे पडतात. वरची बोटभर पट्टी फडक्यानं कोरडी करायची. तिथं रबरी वायपर टेकवून एका दमात खाली ओढायचा. दर ओढीनंतर रबर पुसायचं. पुढची ओढ आधीच्या पट्टीवर दोन बोटं चढवायची. शेवटी कडा टिपायच्या. रेघा राहिल्या तर रबर बदलायचं.

उंच काचेला लांब दांडा लावायचा. खिडकीबाहेर उभं राहायला सांगितलं, तर सरळ नाही म्हणायचं. दर ठरवताना रबर-साबणाचा खर्चही धरायचा.