संकेतस्थळावरील कचेरी

सरकारी कचेरीत शिरताच भिंतीवरील तसबिरी, दाराबाहेरच्या नामपट्ट्या आणि अधिकारांची उतरंड प्रथम नजरेत भरते. शासनाच्या अनेक संकेतस्थळांवर आज हेच दृश्य दिसते. आरंभी मंत्र्यांची छायाचित्रे, मग विभागाची रचना. आणि ज्या अर्जासाठी नागरिक आलेला असतो, तो कोठेतरी तळाशी. यंत्र नवे आले, वृत्ती मात्र जुनीच राहिली.

याची मुळे संस्कृतीत आहेत. सत्तेतील विषमता समाज कितपत स्वाभाविक मानतो, याचे मापन डच अभ्यासक गीर्ट होफस्टेड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले आहे. त्यात भारताला ७७, तर ब्रिटनला ३५ गुण आहेत. जेथे अधिकारी हा 'मायबाप' ठरतो, तेथे संकेतस्थळही सेवेआधी अधिकाराचेच दर्शन घडवते, यात नवल नाही.

परंतु संस्कृती म्हणजे विधिलिखित नव्हे. ब्रिटनमध्येही पूर्वी निरनिराळ्या खात्यांची निरनिराळी संकेतस्थळे होती. २०१२ मध्ये 'गव्ह डॉट यूके' हे एकच संकेतस्थळ सुरू झाले आणि हळूहळू खात्यांचा कारभार त्यात सामावला गेला. 'नागरिकाची गरज आधी' हे त्याचे पहिले सूत्र. वाहन परवाना हवा असणाऱ्याने तो कोणत्या खात्याकडे मिळतो हे ठाऊक करून घेण्याची गरज उरली नाही. हा बदल आपोआप घडला नाही; तो जाणीवपूर्वक घडवला गेला.

महाराष्ट्रालाही हे अशक्य नाही. सातबारा उतारा संगणकावर आला, तेव्हा त्याचे नाव बदलले नाही. जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक ही शेतकऱ्याच्या तोंडची भाषाच तेथे वाट दाखवते. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने तर ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. मात्र अर्जाची वाटच सापडत नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. मग विद्यार्थी जातीच्या दाखल्यासाठी आणि विधवा निवृत्तिवेतनासाठी पुन्हा मध्यस्थाच्या दारी उभी राहतात, आणि जे हक्काने मिळायचे त्यासाठी पदरमोड करतात.

कचेरीच्या भिंती पाडणे कठीण असते. संकेतस्थळाचे पान बदलणे तितके कठीण नाही. त्या पानावर प्रथम स्थान कोणाचे, साहेबाचे की नागरिकाचे, एवढेच शासनाने ठरवायचे आहे.