समोरून वारा आला की…

आपल्या मुली सायकलने शाळेत जातात. एखादी दमून येते नि म्हणते, "सायकल नको." घरात लगेच कुणी म्हणतं, "मग शाळाच राहू दे." त्याआधी आपण वाऱ्याचा हिशेब समजून घेऊया.

सपाट रस्त्यावर हळू जाताना जास्त ताकद टायर रस्त्यावर दबण्यात जाते. म्हणून टायरात हवा पुरेशी हवी. वेग वाढला की हवाच अडवते. वेग दुप्पट केला तर हवेचा अडथळा चौपट होतो आणि त्यासाठी दर मिनिटाला आठपट शक्ती खर्च होते.

ताशी 10 किलोमीटरचा वारा समोरून असेल, तर 10च्या वेगाने जाणाऱ्या मुलीला 20चा वारा लागतो. म्हणजे ती आळशी नाही, तिचं कामच वाढलेलं असतं.

मग काय करायचं? वाऱ्याच्या दिवशी दहा मिनिटं लवकर निघायचं, सावकाश चालवायचं. ओढणी नीट बांधायची. ती वारा धरते आणि चाकातही अडकते. मुलींनी थोडं अंतर ठेवून एकीमागे एक जावं, पुढची आलटून पालटून बदलावी. मागचीला वारा कमी लागतो.

आणि आपल्या गटात हवा भरायचा एक पंप घेऊन ठेवूया. मुलींची शाळा चालू राहू दे!