ज्वारीची किराळ
ज्वारीच्या कोवळ्या पानांत ‘धुरीन’ नावाचे सायनाइडजनक संयुग असते. डन्स्टन आणि हेन्री या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये त्याचे वर्णन केले. किडींपासून पिकाचे रक्षण करणारे हे संयुग गुरांसाठी मात्र जीवघेणे ठरते. पानाच्या बाहेरच्या पेशींत धुरीन आणि आतल्या पेशींत ते फोडणारे विकर असते. जनावराने पान चावले की दोन्ही एकत्र येऊन हायड्रोजन सायनाइड सुटतो. त्यामुळे पेशींना रक्तातला ऑक्सिजन वापरता येत नाही. जनावर धापा टाकते, थरथरते, कोसळते. रक्त लालभडक दिसते. यालाच किराळ लागणे म्हणतात. पशुवैद्यकाने सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळेत दिल्यास जनावर वाचू शकते.

बीड जिल्हा पर्जन्यछायेत येतो. अशा भागात पावसाने ओढ दिली की खुरटलेल्या ज्वारीत धुरीन वाढते. कापणीनंतर खोडव्याला येणारे फुटवेही घातक असतात. पीक वाढते तसे धुरीनचे प्रमाण घटते. म्हणून हिरवी ज्वारी फुलोऱ्यानंतरच खाऊ घालावी. नीट वाळलेला कडबा बराच सुरक्षित असतो.