भाड्याच्या घरातील पाळीव प्राणी (महाराष्ट्र)

भाड्याच्या घरात कुत्रा किंवा मांजर पाळण्याच्या प्रश्नात महाराष्ट्रात भाडेकरूचा संबंध दोन पक्षांशी येतो: गृहनिर्माण संस्था आणि घरमालक. नवीन पनवेललगतच्या विचुंबे (जिल्हा रायगड) यांसारख्या, सदनिकांची वस्ती वाढलेल्या गावांत या दोहोंच्या अधिकारांची गल्लत सहज होते.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. लिफ्टच्या वापरासाठी वेगळे शुल्कही आकारता येत नाही. घरमालकाने करारात कोणती अट घालावी, हा निराळा विषय आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये पाळीव प्राण्यांविषयी स्वतंत्र तरतूद नाही. मात्र कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. तसा करार नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. त्यामुळे ‘कुत्रा चालणार नाही’ असे चावी देताना केवळ तोंडी सांगणाऱ्या घरमालकाची बाजू लंगडी पडते. प्राण्यांची संख्या आणि नुकसानीपोटी अनामत रकमेतून करावयाची वजावट करारातच नमूद करणे उभयपक्षी सोयीचे असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मार्गदर्शक श्वानाचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे दृष्टिहीन भाडेकरूच्या अशा श्वानाला पाळीव प्राण्यांच्या अटीतून वगळल्याचे करारात स्पष्ट लिहिणे इष्ट.

घर रिकामे करताना प्राण्याला वाजवी कारणाशिवाय मागे सोडून जाणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार अपराध आहे.