गाठ काढली की मिरगी जाते का?

कुणाला झटका आला की भंडारा जिल्ह्यात आजही काही घरांत आधी नाकाला कांदा-चप्पल लावतात, मग मांत्रिक गाठतात. नागपूरला एमआरआय होईपर्यंत बराच काळ निघून जातो. त्यात गाठ दिसली, ऑपरेशनचा विषय निघाला, की नवे गैरसमज सुरू होतात.

गैरसमज : मिरगी आहे म्हणजे मेंदूत ट्यूमर असणारच.
वस्तुस्थिती : बहुतेक रुग्णांना ट्यूमर नसतो. एमआरआयवर दिसलेली गाठ कित्येकदा पट्टकृमीच्या संसर्गाची असते. न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून कृमीची अंडी पोटात जातात. यावर बहुधा औषधे पुरतात. मात्र मोठ्या वयात पहिल्यांदाच झटका आला, तर तपासणी टाळू नये.

गैरसमज : ऑपरेशन हा अगदी शेवटचा उपाय, आधी वर्षानुवर्षे गोळ्या खाव्यात.
वस्तुस्थिती : गँग्लिओग्लिओमासारख्या संथ वाढणाऱ्या गाठी बऱ्याचदा लहान वयातच मिरगी घडवतात आणि गोळ्यांना दाद देत नाहीत. अशी गाठ पूर्ण निघाली, तर साधारण १० पैकी ७ ते ८ जणांचे झटके थांबतात. गाठ अर्धवट राहिली किंवा मिरगी फार जुनी झाली, तर ही शक्यता घटते. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही झटके येत असतील, तर मोठ्या रुग्णालयात दाखवावे.

गैरसमज : ऑपरेशननंतर झटका आला म्हणजे ऑपरेशन फसले.
वस्तुस्थिती : पहिल्या आठवड्यातला झटका मेंदूवरच्या सुजेमुळेही येतो. डॉक्टरांना तो लगेच कळवायचा, पण तेवढ्यावरून निकाल लावायचा नाही. यशापयश निदान वर्षभराने ठरते. थांबलेले झटके पुढे पुन्हा सुरू झाले, तर गाठ उरली किंवा वाढली का, हे एमआरआयने पाहतात.

गैरसमज : टाके निघाले, आता गोळ्या बंद.
वस्तुस्थिती : झटके थांबले तरी गोळ्या बहुधा वर्ष-दोन वर्षे चालतात आणि डॉक्टरच त्या हळूहळू कमी करतात. मनाने एकदम बंद केल्यास झटक्यांमागून झटके येऊन जीव धोक्यात येऊ शकतो.

गैरसमज : बरे वाटतेय, मग रोवणीला किंवा तलावावर एकटे जायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : बांधीतल्या घोटाभर पाण्यातही माणूस तोंडावर पडला तर बुडू शकतो. डॉक्टर परवानगी देईपर्यंत पाण्याजवळ एकटे जाऊ नये, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नये. झटका आलाच तर रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये. पाच मिनिटांत थांबला नाही, तर १०८ ला फोन करावा.

खर्चाच्या धास्तीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा. सुट्टी होताना डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : गाठ पूर्ण निघाली का, गोळ्या कधीपर्यंत आणि पुढचा एमआरआय कधी? उत्तरे फाइलवर लिहून घ्या.