आधुनिक कलाकृतींचा लिलाव

चित्रे, शिल्पे, मुद्राचित्रे इ. कलाकृती जाहीर बोलीने, सर्वांत अधिक किंमत देऊ करणाऱ्यास विकण्याची पद्धती. ‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. त्याच अर्थी ‘हर्रास’ हा शब्दही रूढ आहे. कलाकृतींच्या लिलावातील दोन सर्वांत मोठी गृहे, सदबीज (स्थापना १७४४) व ख्रिस्तीज (१७६६), ही मूळची लंडनमधील होत. दीर्घकाळ त्यांचा भर जुन्या चित्रकारांच्या कृती, ग्रंथ व दुर्मिळ वस्तू यांवर होता. हयात कलावंतांच्या नव्या कृती लिलावात येत, तेव्हा त्यांचे स्वागत होईच असे नाही. १८७५ मध्ये मॉने, रन्वार, सीस्ले व बेर्त मॉरिझो यांनी पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहात आपली चित्रे विक्रीस काढली, तेव्हा जमलेल्या लोकांनी त्यांची टर उडविली आणि चित्रे क्षुल्लक किंमतीस गेली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिलावगृहांच्या विक्रीसूचींत ‘दृक्‌प्रत्ययवादी व आधुनिक’ आणि ‘युद्धोत्तर व समकालीन’ असे दोन विभाग रूढ झाले. दुसऱ्यात सामान्यतः १९४५ नंतरच्या कृती येतात. ही विभागणी कलेतिहासाइतकीच गिऱ्हाइकांचीही आहे. लिओनार्दोची म्हणून विकली गेलेली ‘साल्व्हातोर मुंदी’ ही कृती ख्रिस्तीजने २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे युद्धोत्तर व समकालीन कलेच्या विक्रीत ठेवली. याचे उघड कारण हे, की सर्वांत मोठी बोली करणारे लोक त्या संध्याकाळी त्या दालनात येतात.

विक्रीची रीत : विकणाऱ्याने कृती लिलावगृहाच्या स्वाधीन केली, की तेथील तज्ञ तिचा अस्सलपणा व पूर्वीच्या मालकांची परंपरा तपासतात आणि किमान व कमाल अशी अंदाजी किंमत ठरवितात. ती विक्रीसूचीत छापली जाते. याखेरीज एक राखीव किंमत असते. ती गुप्त असून सामान्यतः किमान अंदाजी किंमतीपेक्षा जास्त नसते. बोली तीपर्यंत न पोहोचल्यास कृती विकली जात नाही, आणि अशी परत गेलेली कृती पुढे काही वर्षे बाजारात कमी प्रतीची ठरते. बोली दालनात हात वर करून, दूरध्वनीवरून, आगाऊ लेखी कळवून किंवा इंटरनेटवरून करता येते. राखीव किंमत गाठेपर्यंत लिलावकर्ता विकणाऱ्याच्या वतीने स्वतःच बोली वाढवू शकतो. त्यामुळे प्रारंभी ऐकू येणाऱ्या प्रत्येक बोलीमागे खरा गिऱ्हाईक असतोच असे नाही. आपल्याकडील ‘एक वार, दोन वार, तीन वार’ या पुकाऱ्याचे काम तेथे हातोड्याचा एक ठोका करतो.

हातोडा पडतो ती किंमत आणि वृत्तपत्रांत येणारी किंमत एक नसते. १९७५ मध्ये ख्रिस्तीज व सदबीज या दोघांनी लंडनमध्ये खरेदीदाराकडूनही दहा टक्के अधिमूल्य घेण्यास आरंभ केला. पुढे हा दर बराच वाढला. जेफ कून्स यांचे ‘रॅबिट’ हे पोलादी शिल्प २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे ८ कोटी डॉलरवर तुटले, पण खरेदीदारास ते अधिमूल्यासह सु. ९ कोटी ११ लाख डॉलरला पडले. विकणाऱ्याकडूनही अडत घेण्याची पद्धत आहे. मात्र फार मोठा संग्रह मिळवावयाचा असेल, तर ती सोडली जाते. कित्येकदा लिलावगृह किंवा एखादा तिऱ्हाईत विकणाऱ्यास ठराविक रकमेची आगाऊ हमी देतो. अशा वेळी तिऱ्हाइताने हमी दिली असेल, तर लिलाव सुरू होण्यापूर्वीच एक खरेदीदार निश्चित झालेला असतो. विक्रीसूचीत त्याची नोंद लहानशा चिन्हाने केलेली असते. या व्यवसायातील स्पर्धाही नेहमीच खरी नव्हती. सदबीज व ख्रिस्तीज यांच्या वरिष्ठांनी १९९० नंतरच्या दशकात अडतीचे दर संगनमताने ठरविल्याचे उघडकीस आले. २००० मध्ये दोघांनी मिळून ५१ कोटी २० लाख डॉलर देऊन ग्राहकांचा दावा मिटविला आणि सदबीजचे माजी अध्यक्ष ॲल्फ्रेड टॉबमन यांना पुढे कारावास भोगावा लागला.

कलावंताचा वाटा : लिलावात मिळणारी रक्कम कृतीच्या तत्कालीन मालकाची असते. कलावंताने ती पूर्वीच, बहुधा अल्प किंमतीस, विकलेली असते. या व्यवहारातील खरा वाद येथे आहे आणि तो आधुनिक कलेच्या पहिल्या यशस्वी लिलावापासूनच चालत आला आहे. १९०४ मध्ये आंद्रे लव्हेल या पॅरिसमधील संग्राहकाने काही मित्रांसह ‘अस्वलाचे कातडे’ या नावाचे मंडळ काढले. (अस्वल मारण्यापूर्वीच त्याचे कातडे विकणाऱ्यांची ला फाँतेनची बोधकथा प्रसिद्ध आहे.) प्रत्येक सभासदाने दरवर्षी २५० फ्रँक वर्गणी द्यावयाची, त्यातून तरुण चित्रकारांच्या कृती घ्यावयाच्या, त्या सभासदांच्या घरी टांगावयाच्या आणि दहा वर्षांनी विकावयाच्या, असा करार होता. २ मार्च १९१४ रोजी द्रुओ येथे हा संग्रह लिलावात निघाला. पाब्लो पिकासो (१८८१–१९७३) याचे डोंबाऱ्यांच्या कुटुंबाचे मोठे चित्र मंडळाने १,००० फ्रँकांस घेतले होते. ते ११,५०० फ्रँकांस गेले. हे चित्र आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलावीथीत आहे. एकंदर विक्री एक लाख फ्रँकांहून अधिक झाली. मंडळाने नफ्यातील पाचवा हिस्सा कलावंतांना वाटून दिला. कोणताही कायदा त्यांना तसे करावयास सांगत नव्हता. फ्रान्सने १९२० मध्ये पुनर्विक्रीतील हिश्शाचा कलावंताचा हक्क कायद्याने मान्य केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर किंमती झपाट्याने चढल्या. १५ ऑक्टोबर १९५८ रोजी सदबीजने लंडन येथे गोल्डश्मिट संग्रहातील सात चित्रे संध्याकाळच्या खास समारंभात विकली. पीटर विल्सन यांनी एकवीस मिनिटांत ७,८१,००० पौंडांची विक्री केली आणि लिलाव हा समाजातील प्रतिष्ठितांनी औपचारिक पोशाखात हजर राहण्याचा सोहळा झाला.

समकालीन कलेच्या बाबतीत असे वळण न्यूयॉर्कमधील स्कल संग्रहाच्या विक्रीने आणले (१८ ऑक्टोबर १९७३). रॉबर्ट स्कल हे टॅक्सींचा ताफा बाळगणारे व्यावसायिक. त्यांनी पन्नास कृती विकून सु. २२ लाख डॉलर मिळविले. रॉबर्ट राउशनबर्ग (१९२५–२००८) यांची ‘थॉ’ ही कृती त्यांनी १९५८ मध्ये ९०० डॉलरला घेतली होती; ती ८५,००० डॉलरला गेली. विक्रीनंतर राउशनबर्ग यांनी स्कलना गाठून, आपण राबलो ते तुमच्या नफ्यासाठी काय, अशा आशयाचा जाब विचारला. तुमच्या पुढील कृतींचे भाव यामुळेच चढतील, असा स्कल यांच्या उत्तराचा रोख होता. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते. परंतु ज्याच्याजवळ विकावयास नव्या कृती उरल्या नाहीत, त्या वृद्ध कलावंतास किंवा त्याच्या वारसांस स्कल यांचे उत्तर उपयोगी पडत नाही. कॅलिफोर्निया राज्याने १९७६ मध्ये पुनर्विक्रीवर कलावंतास पाच टक्के देणारा कायदा केला. तथापि २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो जवळजवळ निष्प्रभ केला. यूरोपीय संघाने २००१ च्या निदेशाने हा हक्क सर्व सदस्य देशांत लागू केला. त्यात हिश्शाचा दर किंमतीबरोबर उतरत जातो आणि एका विक्रीमागे १२,५०० यूरोंहून अधिक रक्कम मिळत नाही. डेमियन हर्स्ट यांनी वेगळा मार्ग धरला. सप्टेंबर २००८ मध्ये त्यांनी कलावीथींना वगळून दोनशेहून अधिक नव्या कृती थेट सदबीजमार्फत लंडनमध्ये विकल्या व सु. ११ कोटी १० लाख पौंडांची विक्री केली. अर्थात हा मार्ग आधीच प्रसिद्धी पावलेल्यालाच खुला आहे.

भारत : भारतीय आधुनिक कलेचे लिलाव १९९० नंतर वाढले. मुंबईत २००० साली स्थापन झालेल्या सॅफ्रनआर्टने इंटरनेटवरील लिलाव रुळविले. तैयब मेहता (१९२५–२००९) यांचे ‘सेलिब्रेशन’ हे त्रिपट चित्र २००२ मध्ये न्यूयॉर्क येथे सु. दीड कोटी रुपयांस गेले आणि त्यांचेच ‘महिषासुर’ २००५ मध्ये दहा लाख डॉलरच्या पुढे गेले. नागपूर येथे जन्मलेले, मूळच्या गोमंतकीय घराण्यातील वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांनी आयुष्यभर मोजकीच चित्रे काढली व प्रसिद्धी टाळली. त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी ख्रिस्तीजच्या मुंबईतील लिलावात त्यांचे १९७९ चे चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांस विकले गेले. हुसेन यांची ‘ग्रामयात्रा’ (१९५४) मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथे सु. १ कोटी ३७ लाख डॉलरला गेली. ती ऑस्लोमधील एका रुग्णालयाच्या मालकीची होती.

भारतातील विक्रीवर दोन कायद्यांचा परिणाम होतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाखाली रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी राय, नंदलाल बोस इ. नऊ कलावंतांच्या कृती राष्ट्रीय कलानिधी ठरविण्यात आल्या असून त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. साहजिकच त्यांना गिऱ्हाईक देशातच शोधावे लागते. तरीही शेरगिल यांचे ‘द स्टोरी टेलर’ हे चित्र २०२३ मध्ये ६१ कोटी ८० लाख रुपयांस गेले. दुसरा कायदा म्हणजे लेखाधिकार अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने घातलेले कलम ५३-क. त्यानुसार चित्र, शिल्प इत्यादींची मूळ प्रत दहा हजार रुपयांहून अधिक किंमतीस पुन्हा विकली गेल्यास कलावंतास व लेखाधिकाराच्या मुदतीपर्यंत, म्हणजे मृत्यूनंतर साठ वर्षे, त्याच्या वारसांस किंमतीत हिस्सा मागता येतो. मात्र अधिनियमात हिश्शाचा दर दिलेला नाही. तो दहा टक्क्यांहून अधिक नसावा, एवढीच मर्यादा आहे. दर ठरविण्याचे काम आधी लेखाधिकार मंडळाकडे होते. २०२१ मध्ये न्यायाधिकरणांची फेररचना झाल्यावर ते वाणिज्य न्यायालयांकडे आले. न्यूयॉर्क वा लंडन येथे होणाऱ्या विक्रीस हे कलम लागू होत नाही.