रात्री झोप येत नाही? आधी घड्याळ बघणं थांबवा

रात्रीचे दोन वाजलेत. सकाळी लवकर उठायचंय. तुम्ही फोन उचलून वेळ बघता आणि मनात हिशोब करता, ‘आत्ता झोप लागली तरी चार तास मिळतील.’ अडीच वाजता पुन्हा तोच हिशोब. आणि झोप आणखी लांब पळते.

असं का होतं?

झोप प्रयत्न करून आणता येत नाही. ‘आता झोपायलाच हवं’ असा ताण घेतला की शरीर उलट सावध होतं. हे रोजचंच झालं की अंथरूण आणि जागरण यांची मेंदूत जोडी जमते. म्हणूनच काहींना टीव्हीसमोर बसल्या बसल्या डुलक्या येतात, पण गादीवर पाठ टेकली की टक्क जाग येते. ही जोडी तोडायची असते.

रात्री काय कराल?

- अंदाजे २० मिनिटांत झोप लागली नाही, तर अंथरुणातून उठा. मंद उजेडात एखादं साधंसं पुस्तक वाचा. डोळे जड झाले की परत या. वेगळी खोली नसेल, तर खुर्चीत बसलात तरी चालेल.
- घड्याळ आणि फोन हाताला लागणार नाहीत असे ठेवा. अलार्म लांबूनही ऐकू येतो.
- उद्याची कामं डोक्यात फिरत असतील, तर ती कागदावर उतरवून काढा.

दिवसा काय कराल?

रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा. उशिरापर्यंत लोळलात तर पुढची रात्र बिघडते. दुपारी फार वेळ झोपू नका. संध्याकाळचा चहा-कॉफी टाळा, कारण कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. दारूने झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर ती मोडते.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

परीक्षा, भांडण, आजारपण यामुळे चार-दोन रात्री झोप उडणं हा आजार नाही. पण आठवड्यातून किमान ३ रात्री, असं ३ महिने चाललं आणि त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम होऊ लागला, तर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. मात्र पुढील गोष्टी होत असतील, तर ३ महिने थांबू नका:

- मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकल्यासारखं होणं
- गाडी चालवताना किंवा काम करताना डुलकी लागणं
- सतत उदास किंवा अस्वस्थ वाटणं
- झोपेसाठी रोज गोळी किंवा दारू लागणं

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करा. घरातल्या कुणाची झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. रोज घेत असाल, तर एकदम बंदही करू नका. दीर्घकालीन निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी सीबीटी-आय ही उपचारपद्धती सुचवली जाते. त्यात झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलची भीती, दोन्हींवर काम होतं.

जगणं नकोसं वाटत असेल, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. घरातल्या कुणाला तरी उठवा किंवा सरकारच्या ‘टेली-मानस’ हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, २४ तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं.

आज रात्री एवढंच करून बघा: फोन अंथरुणापासून लांब ठेवा.